चौकटीच्या कडेला

मांजर कुंपणाच्या भिंतीवरून चालत आलं, थांबलं, शेपूट हलवून त्यानं एक लांबलचक जांभई दिली आणि तिथंच अंग पसरलं. बायको काही बोलली नाही.

गिलावेंनी चित्र थांबवलं. "काही?"

"काही नाही," ती म्हणाली. "ती सासू मात्र पत्र उलटं धरून वाचतेय. एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही वाटतं."

"सासूचं सोड. काही खुपलं का?"

"नाही हो. किती वेळा विचाराल?"

गिलावे खूश झाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात परीक्षा होती आणि त्यांना आज एवढंच ऐकायचं होतं. टीव्हीला जोडलेला लॅपटॉप त्यांनी बंद केला, वहीत तारखेपुढं बरोबरची खूण केली आणि गॅसवर पाणी ठेवायला उठले.

गिलावे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ऑफिसातल्या मंडळींनी ते दिलेलं. गवंड्यानं गिलावा केला की भिंतीत वीट कुठं संपली आणि दगड कुठं लागला ते कळत नाही; यांचं कामही तसंच, म्हणून गिलावेसाहेब. जुन्या मालिकांमध्ये आणि कार्यक्रमांमध्ये नव्या जाहिरातीच्या वस्तू मागाहून बसवायच्या हा त्यांच्या कंपनीचा धंदा होता. चित्रीकरणाच्या वेळी रिकामं असलेलं टेबल वीस वर्षांनी सरबताच्या बाटलीचं धनी होई, आणि बाटलीत बुडबुडे वर चढताना दिसत. बंद दुकानावर पाटी येई, तिच्यावरची अक्षरं हळूच सरकत. हे सगळं बघणाऱ्याला दिसायला तर हवं, नाहीतर जाहिरातवाला कशाला येईल? आणि डोळ्यात खुपता कामा नये, नाहीतर बघणारा चॅनेल बदलेल. मग तेलही गेलं, तूपही गेलं. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हे गिलावेंचं काम. सात वर्षं त्यांच्याइतकं ते तिथं कुणाला जमलेलं नव्हतं.

पण आता कंपनीनं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ते म्हणे जागा आपली आपण शोधतं, सावल्याही आपल्या आपण पाडतं. तीनशे भागांची एक जुनी घरगुती मालिका हाती आली होती आणि गाद्या बनवणाऱ्या कंपनीचं हे झोपाळू मांजर तिच्या भागाभागांत फिरवायचं होतं. काम कुणाला द्यायचं हे ठरवायला प्रमुखबाईंनी साधा उपाय काढला. तीन भाग गिलावेंनी करायचे, तेच तीन सॉफ्टवेअरनं करायचे. बाहेरून बोलावलेल्या चोवीस माणसांना दाखवायचे. ज्याचं काम लोकांना कमी खुपेल, त्याची मालिका. गिलावे सत्तावन्न वर्षांचे होते. मालिका गेली तर आपणही गेलो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या नोकरीआधी ते लग्नाचे व्हिडिओ जुळवून द्यायचे. त्या काळात त्यांच्या हातून घडलेल्या पापांना गणती नाही. नवरीच्या डोक्यामागं गुलाब उमलायचे, नवरदेवाच्या छातीतून लाल बदाम उडायचे, आणि नवरीचा मामा तोंडात घास घेऊन बसलेला असताना त्याच्या मागून हंसांची जोडी पोहत जायची. लोकांना तेच हवं असे. पुढं जो तो आपल्या फोनवर हंस पोहवायला लागला तेव्हा दुकान बसलं, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ही नोकरी मिळाली. त्यांनी सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. पडद्यावर कुणी रडत असेल तेव्हा काही हलवायचं नाही. बोलणारा जिकडं बघतोय तिकडं काही ठेवायचं नाही, कारण आपली नजरही त्याच्या मागोमाग तिकडंच जाते. वस्तू आधी गप्प बसलेली असावी, मग सावकाश हलावी.

हे नियम त्यांचे, पण खरी परीक्षक घरात होती. बायकोनं सव्वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. शर्ट आला की कॉलर, बाह्या, काजं, शिवण, आणि नऊ सेकंदांत पुढं किंवा मागं. मागं गेलेला शर्ट ज्या बाईकडं परत जायचा तिचं तोंड आंबट व्हायचं. शिवणाऱ्या बायका तिच्यामागं तिला घार म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एकदा गिलावेंनी सहज एक तुकडा तिला घरी दाखवला. टेबलावरची सरबताची बाटली बघून ती म्हणाली, ही नंतर आणून ठेवलीय. कशावरून, तर म्हणे टेबलावरच्या कापडाला सगळीकडं सुरकुत्या आहेत आणि बाटलीखाली तेवढं इस्त्री केल्यासारखं आहे. गिलावे तीन दिवस त्या बाटलीवर बसले होते. त्यांनी गुपचूप सुरकुत्या घातल्या. तेव्हापासून प्रत्येक काम आधी घारीपुढं जाऊ लागलं. ऑफिसातल्या चित्रफिती घरी न्यायला बंदी होती, पण बंदी घालणाऱ्यांच्या घरी कुठं घार होती? गिलावे दोन-दोन मिनिटांचे तुकडे खिशातून आणत, आणि ती खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून, हातात काहीतरी शिवण घेऊन बसे.

तिला ते दोन प्रश्न विचारत. पहिला, काही खुपलं का? दुसरा, काय काय दिसलं? पहिल्या वर्षी दहातली आठ कामं तिनं मागं धाडली. सावली उलटी आहे, पाटी फार चकचकीत आहे, तो पक्षी सारखा काय मान हलवतोय, त्याला काही झालंय का? गिलावे चिडत, धुसफुसत, आणि रात्रीच्या जेवणाआधी दुरुस्त करत. मग हळूहळू तिच्या तक्रारी कमी झाल्या. गेल्या वर्षभरात तर तिनं क्वचितच काही मागं धाडलं. दुसरा प्रश्न विचारायचंही गिलावेंनी सोडून दिलं होतं. वस्तू किती दिसते याचा आकडा आता ऑफिसातल्या संगणकावर आपोआप निघायचा. शिवाय कुणी नाव ठेवत नसलं की खोदून विचारायला कुणाला आवडतं? आपण आता तयार झालो, असं त्यांनी मनाशी धरलं. मग थोडी थोडी सूट घेतली. बाटली जरा मोठी, पाटी जरा पुढं. मांजर आधी नुसतं झोपलेलं होतं, मग ते चालायला लागलं, मग जांभया देऊ लागलं.

परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला होती. पाहणीच्या खोलीत चोवीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या हातावर एक बटण. खुपलं की दाबायचं, एवढंच लोकांना सांगितलेलं. गिलावे आणि प्रमुखबाई काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत उभे होते. बाई पस्तिशीच्या, कामाला कडक, पण गिलावेंना काका म्हणायच्या आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

आधी सॉफ्टवेअरचे भाग झाले. चाळीस मिनिटांत सहा वेळा बटण वाजलं. गिलावेंना ते काम बरं वाटलं, जरा बेचव, पण बरं. मग त्यांचा पहिला भाग लागला. सासू अंगणात पत्र वाचत होती, पत्रात मुलगा गेल्याची बातमी होती, आणि उजवीकडून भिंतीवर मांजर आलं. टक, टक, टक, अशी बटणं वाजायला लागली. मांजरानं जांभई दिली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि शेजारच्या बाईंनी हसणाऱ्याकडं रागानं बघून स्वतःही बटण दाबलं. तिन्ही भाग संपेपर्यंत आकडा एकशे अकरावर गेला होता.

प्रमुखबाईंनी आकड्यांचा कागद गिलावेंपुढं धरला. मग त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्हीच केलंय ना?"

मीच केलंय, असं गिलावे म्हणाले. लोक बाहेर पडत होते, त्यातल्या एका वयस्कर बाईंना त्यांनी दारातच गाठून विचारलं की नेमकं काय खुपलं. बाईंनी त्यांच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. ती बिचारी रडतेय आणि मागं एवढं मोठं मांजर आळोखेपिळोखे देतंय, आता हे काय सांगायला पाहिजे का, असं त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रडणाऱ्या माणसामागं काही हलवायचं नाही. हा त्यांचाच नियम होता. कधी मोडला, कसा मोडला, त्यांना आठवेना. एवढंच आठवत होतं की मोडला तेव्हा घरून हरकत आली नव्हती.

प्रमुखबाईंनी त्यांना सोमवारपर्यंत मुदत दिली. तीन नवे भाग करून आणा, सोमवारी सकाळी पुन्हा माणसं बोलावते, यापुढं वरचे माझं ऐकणार नाहीत, असं त्या म्हणाल्या.

घरी जाताना गिलावेंच्या मनात एकच विचार होता आणि तो फार वाईट होता. बायको आपलं मन राखत होती. म्हाताऱ्या नवऱ्याला कशाला दुखवा, म्हणून सगळं गोड मानून घेत होती. सव्वीस वर्षं जिनं कुणाची भीड धरली नाही, तिनं त्यांच्यापुरती धरली, आणि त्यांना तोंडावर पाडलं. बसस्टॉपपासून घरापर्यंत त्यांचा राग चढतच गेला.

ती खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. त्यांनी चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं. तू खोटं बोललीस, म्हणाले. लोकांनी शंभर वेळा बटण दाबलं आणि तुला काही खुपलं नाही? माझी कीव करायची होती तर दुसरीकडं करायची, माझ्या पोटावर पाय कशाला दिलास?

तिनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "मी खोटं बोलले?"

"मग काय?"

"सव्वीस वर्षांत मॅनेजरच्या भावाचा शर्ट मागं धाडलाय मी. तुमची काय मोठी भीड पडलीय मला?" तिचा आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. "लावा परत. माझ्यासमोर लावा. मी बघते काय खुपतं ते."

त्यांनी तावातावानं लॅपटॉप जोडला. तिनं खुर्ची पुढं ओढली. सासूनं पत्र उघडलं, मांजर आलं, जांभई दिली, आडवं झालं. ती डोळ्यात तेल घालून बघत होती. तुकडा संपला.

"सासूच्या ओठावर डाव्या बाजूला लाली पुसलीय," ती म्हणाली. "पत्र उलटं आहे. बाकी मला काही खुपलं नाही. खुपलं असतं तर सांगितलं असतं."

गिलावे तोंड उघडून काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांना तो दुसरा प्रश्न आठवला.

"भिंतीवर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या भिंतीवर?"

"अंगणाच्या."

"भिंत होती. भिंतीवर काय असणार?"

त्यांनी चित्र मागं नेलं, मांजर भिंतीवर आडवं पडलेलं असताना थांबवलं आणि बोटानं दाखवलं. तिनं त्यांच्या बोटाच्या दिशेनं मान वळवली, आणि मग दचकून मागं सरकली.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे एवढं ढबोलं मांजर कधीपासून आहे इथं?"

गिलावेंचा राग कुठल्या कुठं गेला. ते तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. काय करायचं ते त्यांना कळत होतं, कारण तेवढं एकच काम त्यांना करता येत होतं. त्यांनी पडदा सगळा करडा केला, मधोमध एक ठिपका ठेवला आणि ठिपक्यावरून नजर हलवायची नाही असं तिला सांगितलं. मग मांजराला अगदी उजव्या कडेला उभं केलं आणि आतल्या बाजूला हळूहळू चालवायला सुरुवात केली. दिसलं की सांग, म्हणाले. मांजर चाललं, चाललं, पडद्याचा चौथा हिस्सा ओलांडून आत आलं, तेव्हा ती म्हणाली, "हं." तिथं त्यांनी काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. मग वरून, मग डावीकडून, मग खालून. डावीकडं बरंच दिसत होतं, चार बोटं तेवढी गेली होती. वरची पट्टी जवळजवळ सगळी गेली होती. खालची बाजू शाबूत होती. शेवटी काचेवर चिकटपट्ट्यांचं एक वाकडंतिकडं कुंपण तयार झालं आणि कुंपणाबाहेर गिलावेंची गेल्या वर्षभराची सगळी कामगिरी होती. बाटल्या, पाट्या, पक्षी, मांजर, सगळं तिथंच बसवलेलं.

तिनं नजर ठिपक्यावरून काढली आणि त्या पट्ट्यांकडं एकेक करून पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मला वाटलं तुमचा हात बसला आता," ती म्हणाली.

लोकांची नजर कुठं जात नाही हे ओळखण्यात गिलावेंची सात वर्षं गेली होती. बायकोची नजर कुठं जात नाही हे वर्षभर त्यांच्यासमोर होतं आणि ते त्याला स्वतःचं यश समजत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता एकेक आठवायला लागलं. दाराच्या उजव्या चौकटीला तिचा खांदा दोनदा आपटला तेव्हा ते चौकटीला नावं ठेवून मोकळे झाले होते. रस्ता ओलांडताना सायकलवाला आडवा आला तेव्हा दोघांनी मिळून सायकलवाल्याला शिव्या घातल्या होत्या. सुईत दोरा ती अजून पहिल्या फटक्यात ओवते, पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचते. मग तिच्या डोळ्यांची शंका कुणाला येणार? त्यांना यायला हवी होती. दुसऱ्या कुणाला नाही तर त्यांना तरी. याचं त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की त्यांनी तिचा पदर हातात धरून ठेवला होता हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"सोडा, फाटेल," ती म्हणाली. पण तिनं पदर ओढून घेतला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. या तपासणीच्या डॉक्टरीणबाई फक्त सोमवारी सकाळी येतात असं तिथून सांगितलं. पुढचा सोमवार चालेल का, असं तिकडच्यानं विचारलं. नाही, हाच द्या, असं गिलावे म्हणाले.

शनिवारी ते कामाला बसले मात्र. परीक्षा हुकली तरी रविवारपर्यंत भाग करून पाठवून द्यावेत, बाई दाखवतील लोकांना, असा विचार होता. त्यांनी मांजराला बारीक केलं, झोपवलं, सासूच्या प्रसंगातून पार काढून टाकलं, दुसऱ्या प्रसंगात पायरीवर ठेवलं. मग स्वतःलाच विचारलं, खुपतंय का? उत्तर येईना. त्यांनी मांजर खिडकीत ठेवलं आणि पुन्हा विचारलं. तरी येईना. स्वतःच्या डोळ्यांना काही विचारायची त्यांची सवयच मोडली होती. आपलं म्हणून जे कसब ते सात वर्षं मिरवत होते, त्यातलं निम्मं तिचं होतं, आणि ते त्यांनी ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होत होती. मांजर कुठल्याही कोपऱ्यात ठेवलं की त्यांना वाटायचं, इथलं तिला दिसत नाही, आणि तिथलंही नाही.

ती आतून येऊन त्यांच्यामागं उभी राहिली. बराच वेळ नुसते बसलाय, म्हणाली. "मधलं दिसतंय ना मला? तेवढं विचारा की."

त्यांनी विचारलं नाही. लॅपटॉप मिटला आणि रविवारी दुपारी प्रमुखबाईंना फोन लावला. सोमवारी यायला जमणार नाही आणि भागही होणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. कारण विचारल्यावर कारणही सांगितलं. मग तुकडे घरी नेत होतो हे सांगितलं, आणि माझी कामं खरं तर आमच्या घरी तपासली जायची, हेही.

"काकूंना दाखवून आणा आधी," बाई म्हणाल्या. "मालिका मात्र आता सॉफ्टवेअरकडं जाईल, काका. माझ्या हातात नाही राहिलं."

"माहीत आहे मॅडम."

"त्यानं केलेलं बघायला माणूस लागेल कदाचित. मी विचारून बघते. शब्द देत नाही."

गिलावेंनी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आपल्याला फार मोठा धक्का बसेल असं त्यांना वाटत होतं, पण मनात सोमवारखेरीज दुसरं काही आलंच नाही.

तपासणीचं यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा होता. त्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडं बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका वेळी एक डोळा. तंत्रज्ञानं खोलीत अंधार केला आणि गिलावेंना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून बटणाचा आवाज येत होता. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मग फार वेळ काही नाही. दिवे तर लागतच असणार. गुरुवारी त्यांना प्रत्येक टक नकोसा झाला होता. आज ते पुढचा टक कधी येतोय याची वाट बघत बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. गोलाचा काही भाग पांढरा होता, बराचसा काळा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, आणि कडेची नजर आधी जाते. उजव्या डोळ्याचं बरंच गेलंय, डाव्याचं कमी. गेलेलं परत येत नाही. रोज न चुकता थेंब घातले तर उरलेलं टिकेल, वर्षानुवर्षं टिकेल, पण एक दिवसही चुकायचं नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि शिवण जमेल का, एवढंच विचारलं. जमेल, असं बाई म्हणाल्या.

"पण मग हिला तिथं काळं दिसायला हवं होतं," गिलावे म्हणाले. "कागदावर आहे तसं. वर्षभर हिला कळलं कसं नाही?"

"काळं दिसत नाही. जिथलं दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचं घेऊन भरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, आकाश असेल तर आकाश. इतकं बेमालूम, की माणसाला जोड सापडत नाही."

गिलावेंनी मान हलवली. ते काम कसं करतात हे त्यांना ठाऊक होतं.

थेंबांची बाटली घेऊन दोघं बाहेर पडले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. फूटपाथवर गर्दी होती, ऑफिसं जेवायला सुटली होती. गिलावेंनी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"आज तुमचं ते मांजर द्यायचं होतं ना?" तिनं विचारलं.

"ते सॉफ्टवेअरला दिलं."

ती थोडं चालली. "माझ्यामुळं गेलं."

"तुझ्यामुळं सात वर्षं राहिलं," गिलावे म्हणाले. हे त्यांनी आधीच कधीतरी म्हणायला हवं होतं, पण आता तरी म्हटलं.

दहा पावलं गेल्यावर ती थांबली, मान पूर्ण वळवून तिनं त्यांना शोधलं, आणि पुन्हा चालू लागली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबल्यावर म्हणाली, "तुम्ही असे बाजूनं चालू नका. बाजूला असलात की मला दिसत नाही. सारखं वाटतं, कुठं मागं राहिलात."

"मग धरू का?"

"धरू नका. मी काही पांगळी झाले नाही. पुढं चाला."

"किती पुढं?"

"दिसाल एवढं. आणि कडेकडेनं नको, मधून चाला."

गिलावे पुढं झाले. त्यांना जन्मभराची सवय दुकानांच्या पायऱ्यांलगत अंग चोरून चालायची, कुणाचा धक्का नको, कुणाला आपला नको. ते फूटपाथच्या बरोबर मध्यभागी आले आणि तिच्या चपलांचा आवाज मागं ऐकू येईल अशा बेतानं पावलं टाकू लागले. समोरून जेवायला निघालेली माणसं येत होती. एक जण त्यांच्या अंगावर येऊन थबकला आणि काहीतरी पुटपुटला. हातात डबे घेतलेल्या तिघीजणी बोलता बोलता फाकल्या, दोघी इकडून गेल्या, एक तिकडून. सामानाची ढकलगाडी घेऊन येणाऱ्यानं दोनदा घंटी वाजवली, वाट पाहिली, आणि शेवटी चाक फूटपाथखाली उतरवून वळसा घेतला. चपलांचा आवाज मागं येत होता. गिलावे बाजूला झाले नाहीत.